ते पुस्तक चुकून आलं नव्हतं

गणपतभाऊ, परवा तुम्हाला ‘राव’ लागला.

वाचनालयाच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा होती. फळ्यावर रंगीत खडूने ‘कै. गणपतराव यांना विनम्र श्रद्धांजली’ असं वळणदार अक्षरात लिहिलं होतं. ज्या इमारतीत तुम्ही सव्वीस वर्षं काढलीत, तिथे ‘गणपा’शिवाय दुसरी हाक मी तरी कधी ऐकली नाही. मॅट्रिकला दोनदा बसलेली पोरंसुद्धा ‘ए गणपा, कालचा पेपर कुठं हाय?’ म्हणून ओरडायची. राव व्हायला तुम्हाला मरावं लागलं. फोटो तुमचा एकट्याचा सापडलाच नाही म्हणे. कुठल्याशा वर्धापनदिनाच्या ग्रुप फोटोतून तुम्हाला कापून काढलं होतं. तुम्ही मागे उभे, आणि पुढच्या खुर्चीतल्या कुणाची तरी टोपी तुमच्या छातीशी तशीच राहून गेली होती. त्या टोपीसकट तुम्हाला हार घातला.

मग अध्यक्ष बोलायला उठले. अध्यक्ष म्हणजे माझे सासरे, निवृत्त हेडमास्तर, ज्यांना मी मामंजी म्हणते. ते म्हणाले, “गणपतराव अतिशय पापभीरू होते. त्यांच्या हातून उभ्या आयुष्यात एकच चूक झाली. एक अश्लील पुस्तक त्यांच्याकडून चुकून एका सभ्य घरात गेलं. पण ती चूक त्यांनी मोठ्या मनाने लेखी कबूल केली. आजच्या तरुणांनी हा आदर्श घ्यावा.” लोकांनी माना डोलावल्या.

ते सभ्य घर आमचं. ते पुस्तक माझ्यासाठी आलं होतं. ते चुकून आलं नव्हतं, मी मागितलं होतं. त्या हॉलमध्ये हे एकाच माणसाला माहीत होतं, ते म्हणजे मी, आणि मी बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत पदर सावरत बसून राहिले. दोन मिनिटं शांतता पाळायला सगळ्यांबरोबर उभीही राहिले. मला तिची सवय आहे. मी ती अकरा वर्षं पाळत आले आहे.

स्मरणिकेसाठी लिहायला मामंजींनीच सांगितलं. “तू शिक्षिका आहेस, भाषा चांगली आहे, चार बरे शब्द लिही.” लिहिते आहे. किती बरे होतील ते सांगता येत नाही, कारण परवापासून माझं डोकं फिरलेलं आहे. मामंजींवर फिरलं आहे, माझ्यावर फिरलं आहे, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त तुमच्यावर फिरलं आहे.

मी गडहिंग्लजहून लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा बायकांनी उठून वाचनालयात जायची आमच्या घरात पद्धत नव्हती. वाचनालय घरी यायचं, म्हणजे तुम्ही यायचात. मंगळवारी आणि शुक्रवारी, सायकलच्या हँडलला दोन्ही बाजूंना खाकी पिशव्या लावून, शिवाजी पेठेतल्या चढावर उतरून चालत, घंटी वाजवत. एक पुस्तक आणि दोन मासिकं. पावसाळ्यात खताच्या पोत्यातलं प्लास्टिक कापून तुम्ही प्रत्येक पुस्तक त्यात गुंडाळायचात. तुमचं गाव गगनबावड्याकडचं, पावसाशी कसं वागायचं ते तुम्हाला कुणी शिकवायला नको होतं. झाडून सगळ्या पुस्तकांना तुम्ही स्वतःच्या हाताने तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं, पाठीवर शाईने फक्त नंबर. बाहेरून पोथी कुठली आणि पाककृतीचं पुस्तक कुठलं ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

आमच्याकडे तुम्हाला चहा मिळायचा. मामंजी समतेवर फार सुंदर व्याख्यान देत. तुमची कपबशी मात्र बाहेरच्या सोप्यातल्या कोनाड्यात वेगळी असायची, आणि ती तुमची तुम्ही विसळून पालथी घालायचात. मी ती रोज बघत होते. उचलून आतल्या कपबशांत ठेवली नाही. हेही छापून यावं म्हणून इथे लिहिते.

कोणत्या घरात काय वाचलं जाईल हे तुम्ही ठरवायचात. सासूबाईंना कथापुराणं, मामंजींना थोरांची चरित्रं, आणि मला सुनांच्या कादंबऱ्या. त्यातली सून तीनशे पानं रडायची आणि शेवटच्या पानावर सासू तिच्या डोक्यावरून हात फिरवायची. माझ्या धाकट्या दिराला, दिनूला मात्र तुम्ही काय काय आणून देत होतात. तो कॉलेजात होता. त्याची गादी झटकायला गेले की खालून पातळ अनियतकालिकं निघायची, घरी छापलेली, वाकड्या पिना मारलेली, बोटाला शाई लागणारी. मोठ्या मासिकांनी परत पाठवलेले कवी, नोकरी सोडून गावोगाव हिंडणारे लेखक, वस्तीतल्या माणसांनी वस्तीच्याच भाषेत लिहिलेलं, परदेशातल्या लांब केसवाल्या कवींची कुणी हौसेने केलेली भाषांतरं. मी ते केरसुणी हातात धरून उभ्या उभ्या वाचलं. गडहिंग्लजला आमच्या बाबांच्या शाळेत मला कुणी सांगितलंच नव्हतं की पुस्तकात असं बोलता येतं.

पुढच्या शुक्रवारी मी तुम्हाला दारात अडवलं. सुनेची कादंबरी तुमच्या हातात परत दिली आणि म्हटलं, “दिनूभाऊजींना देता ते मला का देत नाही?”

तुम्ही आत सोप्याकडे बघितलंत. “न्हाय वैनी. त्ये तुमच्यासाठी न्हाय.”

“का? मला वाचता येत नाही?”

“वाचता येतंय म्हणूनच न्हाय. मास्तरास्नी कळलं तर माझी सायकल जाईल. तुमचं काय जाईल त्ये तुमास्नी ठावं.”

“माझं जायचं ते मी बघते. तुम्ही पुस्तक आणा.”

 मंगळवारी नेहमीसारखीच पिशवी उघडलीत, नेहमीसारखंच तपकिरी कव्हर माझ्या हातात दिलंत, आणि हळूच म्हणालात, “पान चौतीसपासनं वाचा. पयल्या पानापासनं न्हाई. सुरवातीला लेखक नुसता घसा खाकरतोय.”

ही तुमची शिफारस करायची रीत. पुस्तक चांगलं आहे, थोर आहे असं तुमच्या तोंडून एकदाही निघालं नाही. कुठून आत शिरायचं तेवढं सांगायचात. आवडलं तर माणूस आपणच मागे जाऊन सुरुवात वाचतो, हा तुमचा हिशेब. आणि पुस्तक परत घेताना “आवडलं का?” असं कधी विचारलं नाहीत. विचारायचात, “कुठं राग आला?” राग आला नाही म्हटलं की पुढच्या वेळी पुन्हा रडकी सून. मी एकदा शहाणपणा करायला गेले, “भाषा फार सुंदर आहे” म्हटलं. तुम्ही पुस्तक पिशवीत टाकलंत आणि म्हणालात, “भाषेला काय करायचंय वैनी? लेखक कुनावर चिडलाय त्ये सांगा.” सातवी शिकलेला माणूस हा. मी दोन वर्षांपूर्वी बाहेरून एम.ए.ला समीक्षेचा पेपर दिला, त्यात इतकं नेमकं काही नव्हतं.

आपलं भांडण लागलं ते त्या कवींवरून. तुम्ही ज्यांना डोक्यावर घेत होतात त्यांतले निम्मे कवी मला खोटे वाटायचे. जगावर चिडायचे आणि शिवी बाईला द्यायचे. बाईचं अंग ओळीओळीत, बाईचं डोकं कुठेच नाही. मी म्हटलं, “गणपतभाऊ, हे बंड करायला दिवसभर बाहेर असतात आणि जेवायला घरी येतात. भाकरी कोण थापतं ते यांच्या कवितेत का येत नाही?”

तुम्ही हसलात. “आदी त्येंला बोलू द्या की. जन्मात पयल्यांदा तोंड उघडलंय. बायकांचं मागनं यील.”

“मागनं म्हणजे कधी?”

“यील.”

हे भांडण दोन वर्षं मंगळवार-शुक्रवार चाललं. तुम्ही बोलता बोलता चहा गार करून टाकायचात. एकदा तुम्ही एका बाईच्या कथा आणून दिल्यात, त्यातली बायको घर सोडून जाते आणि लेखिका तिला कुठलीही शिक्षा करत नाही. “घ्या, आलं का मागनं?” म्हणालात. मी म्हटलं, एकीने काय होतंय. आज माझ्या कपाटात अशा सात-आठजणी आहेत, आणि तरी मी म्हणेन की तुम्ही तेव्हा चुकत होतात. ज्याच्या तोंडावर हात आहे त्याने दुसऱ्याच्या तोंडावरचा आपला हात काढायला काय हरकत होती? याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. आता द्यायला नाही आहात, म्हणून जिंकल्यासारखं लिहिते आहे, आणि त्यात काही मजा नाही.

आता त्या पुस्तकाबद्दल. बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षातली गोष्ट. एका तरुण कवीचा संग्रह आला होता. त्यावरून पेपरात आरडाओरडा चालला होता, आणि मामंजी तो पेपर मोठ्यांदा वाचून संतापत होते. त्या संतापावरून मला कळलं की हे पुस्तक वाचलं पाहिजे. मी तुमच्याकडे मागितलं. तुम्ही तीन आठवडे टाळलंत. चौथ्या आठवड्यात आणलंत. मी ते तांदळाच्या डब्यावर ठेवून, भात शिजेपर्यंत थोडं थोडं असं वाचत होते. सासूबाई तांदूळ निवडत बसायच्या. त्यांना अक्षरओळख बेताची. “काय वाचतीस गं?” म्हणाल्या तर मी त्यातली भुकेवरची एक कविता वाचून दाखवली. त्यांचं माहेर शेतकऱ्याचं. ऐकून सूप बाजूला सारलं आणि म्हणाल्या, “ह्ये खरं लिवलंय बग.” ह्या पुस्तकाचं आमच्या सभ्य घरातलं हे पहिलं परीक्षण.

दुसऱ्या दिवशी बिद्रीचे पावणे आले, मामंजींचे चुलत मेहुणे. भरपेट जेवले, सोप्यात लवंडले, आणि म्हणाले, “अक्का, वाचायला कायतरी द्या की. झोपंला बरं पडतंय.” सासूबाई आत आल्या, आपलं कथापुराण म्हणून तांदळाच्या डब्यावरचं तपकिरी कव्हर उचललं आणि पावण्यांना दिलं. मी मागच्या अंगणात भांडी घासत होते. पावण्यांना मोठ्यांदा वाचायची सवय. पहिल्या दोन ओळींत पाऊस होता, त्या त्यांनी चालीवर म्हटल्या. तिसऱ्या ओळीत पुजारी आला. चौथ्या ओळीत तो पुजारी काय करत होता ते आलं, आणि सोपा गप्प झाला.

चूक झालीच असेल तर ती एवढी. ती आमच्या स्वयंपाकघरात झाली, तुमच्या सायकलवर नाही.

मी राखेचे हात घेऊन आत आले तेव्हा मामंजी पुस्तक दोन बोटांत धरून उभे होते. “हे घरात कुणी आणलं?” सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या बाईने तोंड उघडलं नाही, तेव्हाही नाही आणि मरेपर्यंत नाही. मग मामंजींनी उत्तर स्वतःच दिलं, “गणपानं चुकून टाकलं असणार. दुसरं कोण मागवणार इथं?” दुसरं कोण मागवणार. मी तिथेच उभी होते, चार हातांवर. मी त्यांच्या मनात आलेसुद्धा नाही. आणि मला काय वाटलं ते सांगते, गणपतभाऊ, मला हायसं वाटलं.

तीन दिवसांनी कार्यकारिणीने तुम्हाला बोलावलं आणि तुम्ही सही केलीत. ‘माझ्या हलगर्जीपणामुळे सदर पुस्तक चुकून सन्माननीय अध्यक्षांच्या घरी गेले, याबद्दल मी क्षमा मागतो.’ सायकल काढून घेतली. तुम्हाला मागच्या खोलीत पुस्तकांच्या बांधणीला बसवलं. तशी सगळी पुस्तकं तुमच्याच हातांनी फळ्यांवरून काढायला लावली आणि रद्दीवाल्याच्या गाडीवर चढवायला लावली. दिनूभाऊजी तिथेच होते. त्यांनी घरी येऊन सांगितलं की गणपाने त्यांची कव्हरं काढू दिली नाहीत, तशीच गाडीवर रचली.

मी तुम्हाला भेटायला आले होते, आठवतं? बायकांसाठी हळदीकुंकू होतं वाचनालयात, त्या निमित्ताने. खळीचा वास, सुया, दोरा, आणि तुम्ही खाली मान घालून. मी म्हटलं, “मी मामंजींना सांगते, पुस्तक मी मागितलं होतं.”

“सांगून काय हुनार? माझी सायकल परत यील? न्हाय. तुमचं दार बंद हुईल त्ये वायलंच. दोन लेकरं हायत तुमास्नी. गप बसा वैनी.”

“पण तुम्ही मला न विचारता सही केलीत.”

“इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हनला असता. मग?”

या ‘मग’वर मी उठून आले. मी गप्प बसले ते तुमच्या शब्दाखातर, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. तुम्ही गप बसा म्हणालात आणि ते मला सोयीचं पडलं. मामंजी मला बी.एड. करू देणार होते, नोकरी करू देणार होते, आणि दिलीही. तुमची सायकल गेली म्हणून माझी नोकरी झाली, असं कुणी म्हटलं तर मला भांडता येणार नाही.

पण माझा रागही ऐकून घ्या, कारण तो विचारायला आता कुणी उरलं नाही. तुम्ही त्या कागदावर तुमचं एकट्याचंच नाव खराब केलं नाहीत. पुस्तक चुकून गेलं म्हणजे त्या घरात ते वाचणारं कुणी नव्हतं. त्या एका शब्दात तुम्ही मला पुसून टाकलंत. दोन वर्षं दारात उभं राहून जिच्याशी भांडलात ती बाई नव्हतीच, आणि जिने तांदूळ निवडता निवडता ‘ह्ये खरं लिवलंय’ म्हटलं तीही नव्हती. मला वाचवलंत, मान्य. वाचक म्हणून मात्र तुम्हीच मला नाही म्हटलंत, त्या पहिल्या शुक्रवारी म्हटलं होतं तसंच.

तरी तुम्ही थांबला नाहीत. नवा माणूस सायकलवर पुन्हा सुनांच्या कादंबऱ्या आणू लागला. नव्याने बांधून आलेल्या एकीच्या शेवटच्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक एकशेबारा लिहिलेलं दिसलं. एकशेबारावं पान उघडलं. अख्ख्या रडकथेत तेवढं एकच पान जिवंत होतं, मोलकरीण मालकिणीला दोन वाक्यं सुनावते ते. मग मी प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान आधी बघू लागले. लोणच्यांच्या पुस्तकातही तुम्ही एक आकडा लिहिला होता, आणि तिथे लेखिकेने मध्येच लिहून टाकलं होतं की हे सगळं करून कुणी विचारत नाही. रद्दी होऊ न शकणाऱ्या पुस्तकांतूनही तुम्ही आमच्यासाठी पानं शोधत बसलात. मी आता शाळेत मुलींना पुस्तक देते तेव्हा मधलं पान सांगते. त्यांना वाटतं ही बाईंची युक्ती आहे. त्यांना तुमचं नाव सांगितलेलं नाही, तेही उद्या सांगेन.

सभा संपल्यावर हॉलच्या दारात तुमच्या मंडळींनी माझा हात धरला. अनुसयावहिनी सगळ्यात मागच्या रांगेत, मुलीला घेऊन बसल्या होत्या. पुढे कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाल्या, “मास्तर ती चूक म्हनले, ती काय वो? आमास्नी कधी बोलले न्हाईत. काय वंगाळ केलतं का त्येंनी?” घरीसुद्धा सांगितलं नाहीत तुम्ही. मुलगी जमिनीकडे बघत होती. बाप काहीतरी लाजिरवाणं करून बसला होता, एवढंच तिला त्या श्रद्धांजलीतून मिळालं होतं. मी म्हटलं, उद्या घरी येते.

काल गेले. सगळं सांगितलं. वहिनींनी चहा टाकला, मला आतल्या चटईवर बसवून दिला. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “म्हंजे पुस्तक तुमी मागितलंतं.”

“हो.”

“मग परवा सभेत का बोलला न्हाईसा?”

आवाज चढवला नाही. 

घरी आले आणि मामंजी जेवायला बसले तेव्हा वाढता वाढता सांगितलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, मला वाटलं ताटावरून उठतील. उठले नाहीत. आमटी संपवली, हात धुतला, आणि म्हणाले, “मला शंका होतीच. असो. गेलेल्या माणसाचं आता काय उकरायचं? मला सांगितलंस, झालं. लेखात घालू नको. गप्प राहा.”

शंका होतीच. अकरा वर्षं शंका होती, आणि परवा त्या फोटोपुढे उभं राहून ते तुमची चूक म्हणाले.

तेही गप्प राहा म्हणाले, तुम्हीही म्हणाला होतात. तुम्ही माझ्या भल्यासाठी, ते घराच्या. तुमचं मी ऐकलं, आणि त्याने काय झालं ते अनुसयावहिनींच्या दारात बघून आले आहे. हा लेख मी मामंजींना दाखवणार नाही. उद्या सकाळी शाळेत जाताना स्वतः छापखान्यात देऊन येईन, आणि शेवटची ओळ ठळक टायपात घ्यायला सांगेन. कार्यकारिणीने ती तुमच्या माफीच्या कागदाला जोडावी, नाहीतर तो कागद फाडावा.

ते पुस्तक मी मागितलं होतं, गणपतभाऊंनी ते मला आणून दिलं, आणि मी ते वाचलं.

— सुनंदा